स्क्रू कन्व्हेयरवर ओला आणि कोरडा माल: मोजणी, बसवणी आणि चालवण्याचा क्रम

ट्रफ नावाच्या पन्हाळीत पाईपभोवती पात्यांचा स्क्रू फिरतो आणि माल पुढे ढकलतो, तो स्क्रू कन्व्हेयर. तो जाम झाला की प्लान्टमध्ये सगळ्यांचं बोट आधी मोटरकडे जातं. ‘तीन एचपी पुरत नाही, दहाची लावू या.’ दहाची लावली की काही दिवस बरे जातात. मग कपलिंगचे बोल्ट कापले जातात, नाहीतर स्क्रूचा पाईपच पिळवटतो. बहुतेक वेळा मोटर बिचारी बरोबर असते. चूक मालाच्या ओलीत, फीडमध्ये (स्क्रूवर माल सोडण्यात) किंवा बसवणीत असते आणि ती स्विच दाबण्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

हा लेख खनिज प्रक्रियेच्या प्लान्टवर काम करणाऱ्या सुपरवायझर, फिटर आणि ऑपरेटर मंडळींसाठी आहे. डोळ्यांसमोर माल आहे तो सिंधुदुर्गातल्या कासार्डे पट्ट्यातल्या सिलिका वाळूचा, गोव्यातल्या लोहखनिजाच्या फाईन्सचा (बारीक चुरीचा), भंडारा-नागपूरकडच्या मँगनीजचा आणि या कामात सोबत लागणाऱ्या चुना, बेंटोनाइट अशा पावडरींचा. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. निम्मे घोटाळे क्रम मोडल्यामुळे होतात.

टप्पा १: माल हातात घ्या, मोजा

‘कोरडा’ आणि ‘ओला’ एवढं सांगून भागत नाही. स्क्रूच्या दृष्टीने मालाच्या तीन अवस्था आहेत: सुटा कोरडा, ओलसर चिकट आणि पाण्यातला. यातली मधली सगळ्यात वाईट. कोरडी वाळू वाहते, पाण्यातली वाळू खाली बसते. ओलसर माल मात्र पात्यांना, पाईपला आणि शूटच्या (माल खाली सोडणाऱ्या घसरंडीच्या) कोपऱ्यांना धरून राहतो.

१. नमुना स्क्रूच्या तोंडाशी येणाऱ्या मालाचा घ्या, ढिगाच्या माथ्यावरचा नको. माथा उन्हाने सुकलेला असतो आणि बुडाशी ओल साचलेली असते. कोकणात पाऊस लागल्यावर पुन्हा वेगळा नमुना घ्या. मे महिन्यातल्या आकड्यांवर जुलैत प्लान्ट चालत नाही.

२. एक किलो माल वजन करून मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवा. वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचा. १००० ग्रॅमचे ९३० झाले तर ओल ७ टक्के.

सावध: तवा लाल होईपर्यंत तापवू नका. गोव्याच्या खनिजात गोएथाइट असतं. त्याच्या स्फटिकात बांधलेलं पाणीही जास्त उष्णतेने निघून जातं आणि ओल आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

३. मूठभर माल घट्ट दाबून मूठ उघडा. माल लगेच विखुरला तर तो सुटा. गोळा राहिला आणि बोट लावल्यावर फुटला तर ओलसर. गोळा तळहातावर हलवल्यावर त्याच्या अंगावर पाण्याची चमक आली आणि तो बसायला लागला, तर हा फिल्टर केकसारखा (फिल्टरवर पाणी काढून उरलेल्या गाळासारखा) माल आहे. हॉपरमध्ये ढेकूळ, हादरा बसला की चिखल.

४. दहा लिटरच्या बादलीत माल अलगद ओतून वजन करा. मग बादली आपटून माल बसवा, वर भर घाला आणि पुन्हा वजन करा. सैल वजन क्षमतेच्या हिशोबाला, बसवलेलं वजन पॉवरच्या हिशोबाला. दोन्हीकडे एकच आकडा वापरणं ही नेहमीची चूक आहे.

वाळूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चार-सहा टक्के ओलीला बारीक वाळू फुगते, तिचं आकारमान पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त वाढतं. म्हणजे तेवढ्याच टनांना ट्रफमध्ये जास्त जागा लागते. ‘माल तोच, मग पावसाळ्यात टन का पडत नाहीत?’ याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

५. सगळ्यात मोठा दगड किती मिलिमीटरचा आहे आणि असे दगड एकूण मालात किती टक्के आहेत ते पाहा. ३०० मिमीच्या स्क्रूला दगड दहाएक टक्के असतील तर ७० मिमीपर्यंतचे चालतात, पाव हिस्सा असतील तर ५० पर्यंतचे, आणि माल जवळजवळ सगळाच दगडांचा असेल तर २५ मिमीच्या वर नको.

टप्पा २: हिशोब स्वतः करून पाहा

पुरवठादाराच्या कागदावर क्षमता छापलेली असते. ती कोणत्या भरावाला धरली आहे ते मात्र बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. म्हणून हिशोब आपणच करायचा, फार अवघड नाही:

ताशी घनमीटर = ४७ × व्यास × व्यास × पिच × मिनिटाला फेरे × भराव

व्यास आणि पिच मीटरमध्ये. पिच म्हणजे पात्याच्या एका वेढ्यापासून पुढच्या वेढ्यापर्यंतचं अंतर. भराव म्हणजे ट्रफच्या छेदाचा किती भाग मालाने भरलेला आहे. सिलिका वाळू, लोहखनिज, मँगनीज असा घासणारा माल असेल तर १५ टक्के. मध्यम असेल तर ३०. मऊ, वाहता, न घासणारा असेल तरच ४५.

उदाहरण घेऊ. ३०० मिमी व्यास, ३०० मिमी पिच, मिनिटाला ४० फेरे, कोरडी सिलिका वाळू, सैल घनता घनमीटरला १.५ टन. भराव १५ टक्के धरला तर ताशी साधारण ७.६ घनमीटर, म्हणजे सुमारे ११.४ टन. हाच स्क्रू ४५ टक्के धरून विकला तर कागदावर ३४ टन दिसतात. तेवढा माल स्क्रू काही दिवस नेईलही, पण हँगर बेअरिंग (लांब स्क्रूला मधे वरून टांगलेला आधार) मालात बुडेल आणि पाती भराभर झिजतील.

तपासा: टन पडत नाहीत म्हणून फेरे वाढवायचा मोह होतो. घासणाऱ्या मालावर ३०० मिमीचा स्क्रू मिनिटाला ५० फेऱ्यांच्या वर नेऊ नका. जास्त टन हवे असतील तर व्यास वाढवा आणि फेरे कमी ठेवा.

स्क्रू चढावर असेल तर क्षमता घटते. ५ अंशांना सुमारे दहावा हिस्सा जातो, १० अंशांना पाचवा, आणि २० अंशांना चाळीस टक्के. १५ अंशांच्या पुढे पूर्ण पिचऐवजी दोन तृतीयांश किंवा अर्धी पिच घ्या. माल मागे घसरणं कमी होतं.

पॉवरसाठी आयएसओ ७११९ मधलं सूत्र पुरतं: ताशी टन × (४ × लांबी + उंची) ÷ ३६७, त्यात व्यास × लांबी ÷ २० मिळवा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. इथला ४ हा घर्षणाचा गुणक आहे आणि खनिजासारख्या घासणाऱ्या मालाला तो ४ धरावा. वरच्या उदाहरणात स्क्रू ८ मीटर लांब आणि आडवा धरला तर १.१ किलोवॅट येतात. गिअरबॉक्सचा तोटा धरून १.३. म्हणजे २.२ किलोवॅटची, आपली तीन एचपीची मोटर पुरेशी आहे.

आता दहा एचपी लावल्यावर काय होतं ते पाहा. ४० फेऱ्यांना २.२ किलोवॅटची मोटर शाफ्टवर सुमारे ५२५ न्यूटन-मीटर पिळ देते. ७.५ किलोवॅटची देते सुमारे १,८००. स्क्रू जाम झाला तर पहिली मोटर ट्रिप होऊन थांबते. दुसरी थांबत नाही, बोल्ट कापते. पाईप तोच, बोल्ट तेच, पिळ साडेतीनपट. हिशोबात २.२ पुरेशी असूनही ट्रिप होत असेल, तर ती मोटर तुम्हाला काहीतरी सांगते आहे. ते आधी ऐका.

टप्पा ३: मालाप्रमाणे स्क्रू निवडा

कोरडी वाळू किंवा खनिजाची चुरी असेल तर नेहमीचा पाईपवरचा पूर्ण पात्याचा स्क्रू चालतो. पात्याची ढकलणारी बाजू ओळखा आणि बाहेरच्या कडेला ४०-५० मिमी रुंदीत हार्डफेसिंग (कडक धातूचं वेल्डिंग) मारून घ्या. पूर्ण पातं भरून वेल्डिंग मारलं की पातं वाकतं आणि खर्चही वाया जातो, कारण झीज कडेलाच होते. हँगर बेअरिंगला घासणाऱ्या मालात कांसे किंवा नायलॉन नको. कडक लोखंडाची बुश आणि तशीच कडक केलेली शाफ्ट, अशी जोडी घ्या. आणि शक्य असेल तिथे हँगरच टाळा. जाड पाईप घेतला तर सहा मीटरपर्यंतचा स्क्रू हँगरशिवाय बसतो, फक्त मध्यभागी वाक ६ मिमीच्या आत राहायला हवा.

पावडरींचं वेगळं आहे. बारीक चुना किंवा बेंटोनाइट हवेने फुगला की पाण्यासारखा पळतो. स्क्रू थांबलेला असतानाही माल ट्रफमधून पुढे वाहत राहिला तर ‘व्हॉल्व्ह गळतो’ म्हणून शोध घेत बसू नका. वर रोटरी एअरलॉक (फिरत्या कप्प्यांचा व्हॉल्व्ह) द्या आणि स्क्रूच्या सुरुवातीला अर्धी पिच ठेवा.

सावध: चुना आणि बेंटोनाइटचा स्क्रू पाण्याने धुवायचा नाही. कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो तापतो आणि फुगतो, बेंटोनाइटचा चिकट लगदा होतो. हे स्क्रू कोरडेच साफ करायचे.

ओलसर चिकट माल, म्हणजे फिल्टर केक, पावसात भिजलेले फाईन्स, मातीयुक्त खनिज. इथे हँगर अजिबात नको. हँगर उघडून पाहिलंत तर चित्र स्पष्ट दिसतं: माल येणाऱ्या बाजूला बुशच्या वर टणक थर धरलेला असतो, बोटाने निघत नाही, छिन्नी लागते. तो थर वाढत वाढत कव्हरला टेकतो आणि मग मागून येणाऱ्या मालाला वाटच उरत नाही. पर्याय दोन. पातं आणि पाईपमध्ये मोकळी जागा असलेला रिबन स्क्रू, किंवा मधे पाईपच नसलेला शाफ्टलेस स्क्रू. शाफ्टलेसमध्ये सर्पिल थेट लायनरवर (ट्रफच्या आतल्या अस्तरावर) घासत फिरतं. लोहखनिजाच्या केकवर प्लॅस्टिकचा लायनर लवकर जातो, तेव्हा लायनर खर्चाचा माल म्हणून स्टोअरमध्ये ठेवा.

माझं मत स्पष्ट सांगतो. चिकट केक दहा-बारा मीटर न्यायचा असेल तर स्क्रू नकोच, बेल्ट घ्या. स्क्रू चार-पाच मीटरपर्यंत, फिल्टरखालून बेल्टवर किंवा मिक्सरमध्ये टाकायला ठीक आहे.

पाण्यातला माल, म्हणजे स्लरी, आडव्या स्क्रूने न्यायचीच नाही. पाणी सील शोधत मागे येतं आणि बेअरिंग खातं. वाळूतलं पाणी काढायचं असेल तर चढावरचा स्क्रू लागतो, त्याचं टप्पा ८ मध्ये.

टप्पा ४: फीड ठरवा

जाम होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

स्क्रू कन्व्हेयर हा फीडर नाही. वरून मोजून टाकलेला माल तो पुढे नेतो. मोजायचं काम दुसऱ्याचं, म्हणजे व्हायब्रेटिंग फीडरचं, बेल्ट फीडरचं, नाहीतर रोटरी व्हॉल्व्हचं. सायलोच्या तोंडाखाली थेट कन्व्हेयर लावला की ट्रफ शंभर टक्के भरतो, १५ टक्क्यांचा हिशोब कागदावर राहतो आणि पहिला हँगर आला की सगळं अडतं.

सायलोखाली स्क्रूच लावायचा असेल तर तो स्क्रू फीडर म्हणून बनवून घ्या: लहान लांबी, हँगर नाही आणि पुढे पुढे वाढत जाणारी पिच. सगळीकडे एकच पिच ठेवली तर मागचा पहिला पिच भरतो आणि पुढच्यांना माल घ्यायला जागा उरत नाही. हॉपरच्या मागच्या टोकाचाच माल उतरतो, बाकीचा तिथेच बसून घट्ट होतो. ओलसर मालात मग मध्यभागी बोगदा आणि चारी बाजूंना भिंत. मग कामगार वरून गज घालतो, भिंत एकदम कोसळते आणि खालचा स्क्रू गाडला जातो.

तपासा: फीडरला आणि स्क्रूला इंटरलॉक आहे का? स्क्रू थांबला की फीडर त्याच क्षणी थांबला पाहिजे. डिस्चार्ज शूटमध्ये (माल बाहेर पडतो तिथे) तुंबणं ओळखणारा चोक स्विच आणि टेल शाफ्टवर (ड्राइव्हच्या उलट टोकाला) फिरणं थांबलेलं ओळखणारा झिरो स्पीड स्विच बसवा. मोटर फिरत असते आणि आतला कपलिंग बोल्ट तुटलेला असतो, असं नेहमी होतं. हे फक्त टेल शाफ्टवरच कळतं.

फीडच्या आधी मॅग्नेट आणि जाळी हवीच. बकेट लोडरचा तुटलेला दात स्क्रूमध्ये गेला तर निवड कितीही अचूक असली तरी उपयोग नाही.

टप्पा ५: बसवणी

१. ट्रफचे तुकडे क्रमांकाप्रमाणे जमिनीवर मांडून पाहा. कारखान्यातून आलेले क्रमांक रंगाखाली झाकलेले असतात, खरवडून बघा.

२. ट्रफ सपोर्टवर ठेवा आणि टोकापासून टोकापर्यंत तार ओढून मध्यरेषा जुळवा. जिथे कमी पडतं तिथे शिम (पातळ पट्टी) घाला. बोल्ट आवळून ट्रफ सपोर्टला ओढून आणायचा नाही. तसं केलं की ट्रफ पिळतो आणि पातं एका बाजूला घासतं.

३. थ्रस्ट बेअरिंग (लांबीच्या दिशेचा रेटा झेलणारं) आणि ड्राइव्ह शक्यतो डिस्चार्जच्या टोकाला ठेवा. स्क्रू माल पुढे ढकलतो तेव्हा तो स्वतः मागे रेटला जातो. बेअरिंग पुढे असेल तर पाईप ताणात राहतो, मागे असेल तर दाबाखाली येऊन बाक धरतो.

४. पहिला स्क्रू थ्रस्टच्या टोकाकडून बसवा, मग हँगर, मग पुढचा स्क्रू. हँगरच्या दोन्ही बाजूंची पाती एकमेकांपासून १८० अंशांवर हवीत, म्हणजे एकीकडून सुटलेला माल पलीकडच्या पात्याला मिळतो.

५. स्क्रूचा तुकडा उलटा तर बसवला नाही ना, ते बघा. पात्याच्या टोकाला जो आधाराचा कान वेल्ड केलेला असतो, तो माल न ढकलणाऱ्या बाजूला हवा. तुकडा टोकाला टोक फिरवून बसवला तर पात्याचा हात बदलत नाही, त्यामुळे माल जातो आणि कुणाला शंका येत नाही. पण कान ढकलणाऱ्या बाजूला येतो, त्यावर माल धरतो, आणि हार्डफेसिंग पाठीमागच्या बाजूला राहतं. महिन्या-दोन महिन्यांत पातं झिजलं की वेल्डरला दोष.

६. शेवटचं पातं डिस्चार्जच्या मध्यरेषेपर्यंतच असावं. त्याच्या पुढे गेलं तर ते माल एंड प्लेटवर (ट्रफचं टोक बंद करणाऱ्या पत्र्यावर) दाबतं आणि सील फोडतं.

७. पातं आणि ट्रफच्या तळातलं अंतर सगळीकडे सारखं, साधारण १२ मिमी, आहे का ते मोजा. माल १० ते १५ मिमीच्या खड्यांचा असेल तर हे अंतर धोक्याचं, कारण तेवढाच खडा बरोबर त्या फटीत अडकतो. अशा वेळी ते अंतर बनवून घेतानाच बदलून मागा.

८. कव्हर शेवटी. कोरड्या सिलिका वाळूला कव्हरखाली गॅस्केट आणि फीडच्या तोंडाशी डस्ट सक्शन लावल्याशिवाय स्क्रू चालवू नका. डोळ्याला न दिसणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. सांडलेली कोरडी वाळू झाडूने उडवायची नाही, व्हॅक्यूमने किंवा ओली करून उचलायची.

टप्पा ६: रिकामं चालवा

आधी कपलिंग सोडून मोटरची दिशा बघा, एक क्षण चालू-बंद. इलेक्ट्रिशियनने केबल बदलली, दुरुस्तीला मोटर गेली-आली, तर प्रत्येक वेळी हेच पुन्हा. दोन फेज अदलाबदल झाल्या की स्क्रू उलट फिरतो आणि माल मागच्या एंड प्लेटवर घट्ट बसतो.

मग ड्राइव्ह जोडून दोन-तीन तास रिकामा स्क्रू चालवा. बेअरिंगला हात लावून बघा, गिअरबॉक्सचं तेल बघा. घासल्याचा आवाज येत असेल तर ‘चालून चालून जागा करेल’ म्हणून सोडू नका. रिकाम्या मोटरचे अँपिअर पॅनेलवर मार्करने लिहून ठेवा. पुढे सगळ्या निदानाला हाच आकडा लागतो. रिकाम्या स्क्रूचे अँपिअर वाढले तर दोष यंत्रात आहे, भरलेल्याचेच वाढले तर मालात.

थांबवून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या दिवशी ते हमखास ढिले होतात.

टप्पा ७: माल सोडा, आणि थांबवायचा क्रम शिका

सुरू करताना पुढचं यंत्र आधी. स्क्रू ज्या बेल्टवर माल टाकतो तो बेल्ट, मग स्क्रू, मग फीडर. थांबवताना उलट: फीडर बंद, स्क्रू रिकामा होऊ द्या, मग स्क्रू, मग बेल्ट.

पहिल्या तासाला पाव फीड, मग अर्धा, मग पूर्ण. प्रत्येक पायरीवर अँपिअर बघा. अँपिअर स्थिर न राहता हळूहळू चढत असतील तर आत कुठेतरी थर धरतोय. ट्रिप व्हायची वाट न पाहता फीड तोडा.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर फार कमी वेगावर तासन्‌तास चालवू नका. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, वेग कमी झाला की हवा कमी आणि मोटर तापते. कमी माल हवा असेल तर आधी फीड कमी करा.

सावध: शिफ्ट संपली म्हणून भरलेला स्क्रू बंद करून घरी जाऊ नका. ओलसर फाईन्स रात्रभरात आवळून बसतात आणि सकाळी पहिल्याच स्टार्टला बोल्ट जातो. ओलसर मालाच्या स्क्रूला शिफ्टअखेरीस दहा मिनिटं रिकामं फिरवायचं, आणि जेवणाच्या सुट्टीतही हाच नियम.

टप्पा ८: चढावरचा ओला स्क्रू

सँड वॉशर म्हणा किंवा स्पायरल क्लासिफायर, तत्त्व एकच. खालच्या टाकीत वाळू बसते, स्क्रू ती वर ओढून नेतो, पाणी आणि बारीक गाळ वीअरवरून (टाकीच्या सांडव्याच्या कडेवरून) सांडतो. चढ साधारण १४ ते १८ अंशांचा. गोव्यातल्या वॉशिंग प्लान्टमध्ये चिकणमाती सोडवायला आधी लॉग वॉशर आणि मग हे यंत्र, असा क्रम असतो. चिकणमातीचे गोळे थेट क्लासिफायरमध्ये टाकले तर ते न फुटता वाळूसोबत वर येतात. तेव्हा लॉग वॉशर वगळायचा विचार सोडून द्या.

१. वीअर दोन्ही बाजूंनी समपातळीत करा, लेव्हल बॉटल ठेवून. एक बाजू खाली असेल तर सगळं पाणी तिकडूनच जोरात सांडतं आणि बारीक वाळूही घेऊन जातं.

२. आधी टाकी पाण्याने भरा, स्क्रू सुरू करा, मग वाळू. रिकाम्या टाकीत वाळू टाकली तर ती स्क्रूखाली कोरडी रुतते.

३. फेरे वाळूच्या जाडीवर ठरवा. जाड वाळूला वेग जास्त चालतो. बारीक वाळूला कमीच हवा, नाहीतर पाणी ढवळून बारीक दाणे बसतच नाहीत आणि वीअरवरून जातात. वीअरचं पाणी रोज एका काचेच्या बरणीत भरून पाच मिनिटं ठेवा. तळाशी हाताला खरखरीत वाळूचा थर आला तर माल सांडतोय: वेग कमी करा किंवा येणारं पाणी कमी करा.

४. वरच्या अर्ध्या भागात स्क्रूच्या एका बाजूने पाणी परत खाली यायला एक चर असते. ही चर वाळूने भरली की पाण्याला वाट नाही, आणि वर पोहोचलेली वाळू ओघळते. चरीत अधूनमधून फ्लशचं पाणी सोडायचं. वर येणारा माल ओलाच दिसतोय अशी तक्रार आली की आधी ही चर बघा, वेगाला हात नंतर. बारीक वाळूत वीसेक टक्के पाणी राहणारच. त्याहून कोरडी हवी असेल तर पुढे डिवॉटरिंग स्क्रीन (पाणी गाळणारी जाळी) लावा, स्क्रूकडून ती अपेक्षा नको.

५. खालचं बेअरिंग पाण्यात आणि वाळूत बुडालेलं असतं. तिथे ग्रीस ही सीलच समजा: जुनं ग्रीस आणि वाळू बाहेर निघेपर्यंत पंप मारायचा. एक दिवस चुकला तर आत गेलेली वाळू नंतर निघत नाही.

तपासा: वीज गेली तर काय करायचं ते ऑपरेटरला माहीत आहे का? पहिलं काम म्हणजे फीड आणि पाणी बंद करणं. क्लासिफायरला स्पायरल उचलायची सोय असेल तर हँड पंपाने खालचं टोक वर घ्या, वीज आल्यावर फिरवत फिरवत हळूहळू खाली सोडा. सोय नसेल तर ड्रेन उघडून टाकी खाली करा आणि साचलेली वाळू पाण्याच्या पाईपने सैल केल्याशिवाय स्टार्ट देऊ नका.

टप्पा ९: जाम झाल्यावर

इथे हात-पाय गमावले जातात, म्हणून क्रम पाठच असू द्या.

१. फीडर बंद, स्क्रू बंद.

२. पॅनेलला आयसोलेटर खाली, स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. दोघे काम करत असतील तर दोन कुलपं. ‘मी इथेच उभा आहे, कुणी सुरू करणार नाही’ हे चालणार नाही.

३. जागेवरचं स्टार्ट बटण दाबून खात्री करा की स्क्रू सुरू होत नाही.

४. मगच कव्हर. माल मागून, म्हणजे अडथळ्याच्या आधीचा, आधी काढा. थेट अडथळ्याला हात घातला तर पिळलेला पाईप सुटून स्क्रू अर्धा फेरा फिरू शकतो. वीज बंद असली तरी.

५. कारण सापडल्याशिवाय कव्हर बंद करू नका. लोखंडाचा तुकडा? हँगरचा थर? डिस्चार्ज शूट चोक? ओल वाढली? यातलं काहीच नसेल तर बोल्ट आणि बेअरिंग तपासा.

उलटं फिरवून सोडवायची सवय लावू नका. माल टेल एंडला दाबला जातो, सील फुटतं आणि पुढच्या आठवड्यात बेअरिंग जातं. कव्हर उघडं ठेवून ‘जरा बघू’ म्हणून चालवणं तर अजिबात नाही. आत बघायचंच असेल तर कव्हरखाली बोल्टने घट्ट बसवलेली जाळी घ्या. आणि कव्हरवरून ये-जा बंद. पत्रा वाकतो, गॅस्केट उघडं पडतं, धूळ सुरू होते.

टप्पा १०: झीज मोजत राहा

महिन्यातून एकदा तीन ठिकाणी पात्याचा व्यास मोजा: फीडच्या तोंडाखाली, हँगरच्या आधी आणि डिस्चार्जला. झीज सारखी नसते, फीडखालचं पातं आधी जातं. व्यास कमी झाला की तळात मालाचा न हलणारा थर जाड होतो. कोरड्या वाळूत हा थर फायद्याचाही असतो, कारण वाळू वाळूवर घासते आणि ट्रफ वाचतो. ओलसर मालात मात्र तोच थर आवळत जातो आणि स्क्रूला खालून वर उचलतो. तेव्हा ओलसर मालावर पातं लवकर बदला, कोरड्यावर थोडं ताणलं तरी चालतं.

कपलिंगचे बोल्ट मूळ ग्रेडचेच घाला. स्टोअरमध्ये नाही म्हणून कडक ग्रेडचा बोल्ट घातला की पुढच्या जामला बोल्ट टिकतो आणि शाफ्ट जाते. बोल्ट अर्ध्या तासाचं काम आहे, शाफ्टला दोन दिवस.

नवा स्क्रू झिजलेल्या ट्रफमध्ये घालायच्या आधी ट्रफच्या तळाची जाडी मोजा आणि जिथे पत्रा निम्म्यावर आलाय तिथे लायनर टाका. लायनर टाकल्यावर पातं आणि तळातलं अंतर पुन्हा मोजा, कारण लायनरच्या जाडीएवढं ते कमी झालेलं असतं.